पासष्ट किलो

आमच्या कामात एक नियम आहे, तो बाहेर कुणाला सांगितला की लोकांना राग येतो. हवाई रुग्णवाहिकेच्या पायलटला पेशंटबद्दल काहीही सांगायचं नाही. म्हातारा की लेकरू, बाई की पुरुष, जगेल की जाईल, काही नाही. त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: कुठं जायचं आणि पेशंटचं वजन किती. बाकीचं डॉक्टर आणि नर्सनं आपल्या पोटात ठेवायचं. कारण साधं आहे. उडावं की नाही हे ठरवताना पायलटच्या डोळ्यांपुढं कुणाची तरी आई रडत असली, तर त्याला खराब आभाळसुद्धा बरं दिसायला लागतं. मग एकाला वाचवता वाचवता चौघं जातात.

मला हा नियम मनापासून पटायचा. दुसऱ्याच्या भावाच्या बाबतीत सगळेच नियम पटतात.

त्या दिवशी अकोल्याला आम्ही डबे उघडत होतो. आम्ही म्हणजे तिघं. हेलिकॉप्टर चालवणारे कॅप्टन सहदेव, डॉक्टर नगमा आणि मी, साधना, नर्स. फोन नगमा मॅडमनी घेतला. वलगावच्या पुढं एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामगाराचा हात यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेला होता. दंडातली मोठी रक्तवाहिनी तुटलेली. गावच्या दवाखान्यात बांधून ठेवलंय, पण जोडणारा सर्जन नागपूरला. मॅडमनी पेशंटचं नाव विचारलं, ऐकलं आणि हळूच माझ्याकडं बघितलं. आडनाव माझंच होतं.

त्या मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"गोपाल कोण तुझा?"

"धाकटा भाऊ."

"दुसरी नर्स रजेवर आहे. तू नाही आलीस तर मी एकटी जाईन. येशील?"

"येते."

"रडायचं असेल तर आत्ता रडून घे. आणि कॅप्टनला..."

"माहीत आहे मॅडम," मी म्हणाले.

आत आलो तर कॅप्टन नकाशा उघडून उभे होते. "वजन?"

"पासष्ट किलो."

हे मला विचारावं लागलं नाही. दिवाळीत मीच त्याला जिनिंगच्या वजनकाट्यावर, कापसाच्या गाठी मोजतात त्या लोखंडी पाटावर उभं केलं होतं आणि पोट सुटलं म्हणून चिडवलं होतं. त्याची बायको आचल हसून हसून खाली बसली होती. आता माझ्या भावाबद्दल माझ्या कॅप्टनला एवढंच माहीत होतं, की तो पासष्ट किलोचा आहे.

"उतरायचं कुठं?" कॅप्टननी विचारलं. "एक शाळेचं मैदान सुचवतायत."

"शाळेला लेकरं असतील आता, आवरणार नाहीत," मी म्हणाले. "जिनिंगचंच आवार बघा. मोठं आहे, सिमेंटचं, सपाट. वरून तारा नाहीत. मला माहितीय ते."

"सुटं काही? पत्रे, ताडपत्र्या, प्लास्टिक?"

मी बाबांना फोन लावला. माझे बाबा, महादेवराव, त्या जिनिंगचे मुकादम. माझं अर्धं बालपण त्या आवारात गेलेलं. बाबांचा आवाज कोरडा होता. घाबरले की ते तसेच बोलतात.

"बाबा, आवारात सुटं काही नाही ना?"

"काई नाई. गाड्या बाहेर काढल्या, ताडपत्र्या दोरानं कसल्या, लोकाइले दोराच्या मांगं उभं केलं. धूळ उडू नाई म्हनून टँकरनं पानी मारलं. काडी नाई पडेल इथी. तू ये लवकर."

फोनवर हात ठेवून मी कॅप्टनना सांगितलं, "साफ आहे."

बाबा खोटं बोलले नव्हते आणि मीही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं काय झालं ते याच्यावाचून कळणार नाही.

मूर्तिजापूर मागं पडलं, पूर्णा ओलांडली. खाली वेचणीचं रान होतं. काळ्या मातीत पांढरे ठिपके आणि त्यात वाकलेल्या बाया. आमचं हेलिकॉप्टर गेलं की त्या उभ्या राहून वर बघायच्या. मी औषधं भरत होते. सुया, पट्ट्या, रक्ताची एक पिशवी. हात चालू ठेवले होते, डोकं चालू नये म्हणून.

जिनिंग दिसली. बाबांनी खरोखर लग्नाला झाडावं तसं आवार झाडलं होतं. ओलं सिमेंट चमकत होतं. कापसाच्या गंज्या ताडपत्रीखाली आवळून बांधलेल्या, लोक दोरीमागं ओळीनं उभे, कडेला एक अँब्युलन्स. कॅप्टन हेडसेटवर म्हणाले, "वा. असं मैदान रोज मिळावं."

आम्ही खाली आलो. झाडांच्या उंचीला आलो आणि पंख्याचा वारा शेडच्या पत्र्यांवर बसला.

आधी पत्र्यांवरनं पांढरं निघालं. मग भिंतींच्या जाळ्यांतून, कडुनिंबाच्या फांद्यांतून, कुंपणाच्या तारांतून, नाल्यांतून. ऊन होतं ते गेलं. समोरच्या काचेत पांढऱ्याशिवाय काही उरलं नाही. जमीन नाही, शेड नाही, माणसं नाहीत. मी मॅडमचा हात धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही. इंजिनाचा आवाज बदलला. घशात काही अडकलेल्या माणसासारखा झाला. वर परत जाणं शक्य नव्हतं, कारण वर काय आहे तेही दिसत नव्हतं. मग एक जोराचा दणका बसला, माझे दात दातांवर आपटले आणि आम्ही जमिनीवर होतो.

कॅप्टननी इंजिन बंद केलं. पेशंट घ्यायला गेलो की ते कधी बंद करत नाहीत. पंखा थांबला. आवारभर रुई अलगद खाली येत होती, सगळ्यांच्या डोक्यांवर, खांद्यांवर.

दार उघडून कॅप्टन उतरले तेव्हा बाबा समोर धावत आले होते.

"हे काय आहे?" कॅप्टननी विचारलं.

"कापूस हाय साहेब."

"आवार साफ आहे म्हणाला होतात ना?"

"साफच हाय," बाबा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "कापूस तं असतेच."

कॅप्टन कोल्हापूरकडचे, उसाच्या मुलखातले. त्यांना हे उत्तर कसं कळावं? दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आमच्या जिनिंगमध्ये रुई भुवयांवर असते, पाण्याच्या माठात असते, भाकरीला चिकटलेली असते. आम्हाला धूळ दिसते, कचरा दिसतो, पडलेली काडी दिसते. रुई दिसत नाही. सुटं काही आहे का, या प्रश्नाला बाबांनी जे उत्तर दिलं तेच मीही दिलं असतं, आणि दिलंच की. परक्या मुलखातली नर्स असती तर तिनं निदान विचारलं असतं, की अहो जिनिंग आहे, मग कापूस उडेल ना? मी आपलं माहेर म्हणून डोळे झाकून हमी दिली.

कॅप्टन वर चढून इंजिनाच्या तोंडाशी गेले. बराच वेळ आत बघत राहिले. खाली आले ते मान हलवतच.

"उतरताना इंजिन एकदम तापलं होतं. तोंडाच्या जाळीवर थर बसलाय. मागं किती गेलंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. अकोल्याहून इंजिनियर बोलवावा लागेल. तोवर हे उडणार नाही."

इंजिनाबद्दलचं हे त्यांचं पहिलं बोलणं. ते मी मनात धरून ठेवलं.

दवाखान्यातून आणलेला गोपाल शेडच्या सावलीत स्ट्रेचरवर होता. तोंड राखेसारखं. उजवा हात दंडाजवळ करकचून बांधलेला, त्यावर आचलची ओढणी गुंडाळलेली. मला बघून हसायला गेला.

"आली का व? जेवली?"

"गप पड," मी म्हणाले. मॅडमनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि त्याचे डोळे मिटले. आम्ही रक्त सुरू केलं. मी त्याची बोटं धरली. गार होती, नखं निळी पडत होती.

"जीव आपण धरून ठेवू," मॅडम हळूच म्हणाल्या. "हाताला वेळ नाही, साधना. अपघात झाल्याझाल्या गाडीत घालून निघाले असते तर पोचले असते. हेलिकॉप्टर येतंय म्हणून थांबले."

"आणि आता गाडीनं?"

त्यांनी त्याचं निळं नख दाबून बघितलं. गाडीनं हात जाणार. नर्सला एवढं कळतं.

मागं वळून बघितलं तर बाबा कॅप्टनपुढं उभे होते. जिनिंगचे मालक अन्सारभाई बाजूला, त्यांच्या मागं दोरी सोडून आलेली माणसं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. जन्मात मी त्यांना कुणापुढं टोपी काढताना बघितलं नव्हतं.

"साहेब, माह्या पोराले घिऊन चाला. थे तुमची नर्स हाय ना, साधना, तिचाच भाऊ हाय थो. सख्खा भाऊ."

कॅप्टननी माझ्याकडं बघितलं. मला बाबांचा इतका राग आला, की त्यांच्या हातातली टोपी हिसकावून फेकावीशी वाटली. आणि त्याच वेळी बरंही वाटलं. बरं झालं, सांगितलं. आता ते नेतील. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, मी त्यातलं एकही लपवत नाही.

कॅप्टन फडकं घेऊन पुन्हा वर चढले. मुठी भरभरून रुई काढून खाली टाकत राहिले. मग उतरले, कपाळ पुसलं आणि माझ्याजवळ आले.

"दिसत होतं तेवढं काढलं. सुरू करून बघू. तापमान जागेवर राहिलं तर जाऊ. नागपूर काही लांब नाही."

"आणि इंजिनियर?"

"सिस्टर, तुझा भाऊ आहे तो," ते म्हणाले. "मला आधी का नाही सांगितलंस?"

त्यांचा चेहरा मऊ झाला होता. चार वर्षांत मी तो चेहरा बघितला नव्हता. याच माणसानं धुकं आहे म्हणून एकदा बाळंतिणीला न्यायला नकार दिला होता आणि आम्ही त्यांना दिवसभर मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. तो कॅप्टन मला आत्ता हवा होता. समोर होता तो माझ्या घरचा माणूस झाला होता.

इंजिन सुरू झालं. पंखा हळू फिरायला लागला, उरलीसुरली रुई पुन्हा हलली. कॅप्टननी आतून अंगठा वर केला. तापमान जागेवर होतं. लोकांत एक आवाज उठला, सुटकेचा.

आमच्यात दुसराही एक नियम आहे. उडायच्या आधी तिघांनी हो म्हणायचं. एकानंही नाही म्हटलं तर उड्डाण होत नाही, आणि नाही का म्हणालास हे त्याला कुणी विचारायचं नाही.

"मी हो," कॅप्टन दारातून ओरडून म्हणाले. "डॉक्टर?"

मॅडमनी गोपालकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हो," त्या म्हणाल्या. पण त्यांचे डोळे मलाच विचारत होते. त्यांना दोन मुली आहेत, धाकटी अजून बालवाडीत.

"सिस्टर?"

मला हो म्हणायचं होतं. नुसतं तोंडातल्या तोंडात पुटपुटलं असतं तरी चाललं असतं. आचल नवऱ्याच्या पायावर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या जिभेवर रुईचा धागा होता, तो थुंकता येत नव्हता. जमिनीवर पंखा फिरतोय, तापमान ठीक आहे. पण चौघांचं वजन घेऊन वर उठताना इंजिनाला पुरता जोर लावावा लागेल, आणि तेव्हा जाळीमागं काय आहे ते कळेल. आमचा रस्ता त्या शाळेवरून होता. आणि कॅप्टन पहिल्यांदा म्हणाले होते ते इंजिन बघून, आता म्हणत होते ते माझं तोंड बघून.

"नाही," मी म्हणाले.

कुणाला ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "नाही. गाडीनं न्यायचं."

बाबा पुढं आले. "काय म्हनली तू?"

"गाडीनं नेऊ, बाबा."

"साहेब हो म्हून राहिले. डॉक्टरीन हो म्हून राहिली. अन् तू नाई म्हन्ते? तू?"

"बेटा, सोच के बोल," अन्सारभाई म्हणाले.

आचल रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "भाऊ हाय ना थो तुमचा, ताई?" त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

कॅप्टन तावातावानं खाली उतरले. "तुला कळतंय का काय..." ते म्हणाले आणि मध्येच थांबले. कारण विचारायचं नाही, हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवला होता. ते परत गेले आणि इंजिन बंद केलं. मग तिथंच पायरीवर बसले.

"निघा," ते म्हणाले. "इथं वेळ घालवू नका."

अँब्युलन्सचा ड्रायव्हर देवमन गाडी वळवूनच उभा होता. मागं गोपाल, मॅडम, मी आणि आचल. पुढं बाबा. त्यांनी एकदाही मागं बघितलं नाही. मधल्या काचेतून मला त्यांची मान दिसत होती आणि मानेवर चिकटलेली रुई.

अमरावतीच्या बायपासवर मॅडमनी फोन करून बोलावलेला रक्तपेढीचा माणूस मोटारसायकल घेऊन उभा होता. गाडी पुरती न थांबवता पिशव्या घेतल्या. नांदगाव पेठेशी कारखान्यांच्या बसगाड्या सुटल्या होत्या, रस्ता भरलेला. देवमन हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तिथंच गोपालची नाडी माझ्या बोटाखालून निसटली. मॅडम गाडीच्या फरशीवर गुडघे टेकून काम करत होत्या, मी पिशवी हातानं दाबत होते. आचल एकसारखी त्याचं नाव घेत होती, मोठ्यानं नाही, झोपलेल्याला उठवतात तसं. नाडी परत आली. मग पुन्हा गेली. पुन्हा आली. तळेगावपर्यंत हेच चाललं. कोंढाळीच्या घाटात मी त्याची बोटं बघायचं सोडून दिलं.

नागपूरला जीव वाचला. उजवा हात दंडापासून काढावा लागला.

बाबा माझ्याशी बोलेनात. दवाखान्याच्या एकाच बाकावर आम्ही बसायचो, मध्ये डब्याची पिशवी. चहा आणला की घ्यायचे, कप मात्र माझ्या हातून नाही, बाकावर ठेवलेला उचलायचे. मला मनात किती वेळा वाटलं, की इंजिनात मूठभर रुई निघू दे. गच्च भरलेलं निघू दे. म्हणजे मी बरोबर होते असं ठरेल. असं वाटल्याची लाज वाटायची आणि पुन्हा तेच वाटायचं.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन आले, साध्या कपड्यांत. बाबांना नमस्कार करून बाकाजवळ उभे राहिले.

"इंजिनियरनं उघडलं," ते म्हणाले. "जाळीमागं रुई होती. फार नाही, पण होती."

बाबांनी तीन दिवसांत पहिल्यांदा मान नीट वर केली. "मंग उडलं असतं का नसतं?"

"सांगता येत नाही. तो म्हणाला, कदाचित पोचलो असतो. कदाचित गावावरच पडलो असतो. कुणीच सांगू शकत नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझा भाऊ नसता, तर मी उडायचं नाव काढलं नसतं. हे तुला सांगायला आलो."

ते गेल्यावर बाबा माझ्याकडं वळले.

"तुले माईत होतं? आत गेली म्हनून?"

"नाही, बाबा."

"मंग नाई काहून म्हटलं?"

"माहीत नव्हतं म्हणूनच."

बाबांनी हात लांब करून माझ्या कानामागं अडकलेला रुईचा पुंजका काढला. तीन दिवस तो तिथंच होता, मला कळलं नव्हतं. आमच्याकडं असा पुंजका चिमटीतून सहज उडवून देतात. बाबांनी तो चिमटीत धरूनच ठेवला.

"आपल्याले हे दिसतच नाई," ते म्हणाले. "मी सडा मारत बसलो." मग म्हणाले, "जाय आत. गोपाल इचारून राहिला तुले."

मी उठले. "त्याला कळलंय?"

"हाताचं कळलं. बाकीचं मी सांगतलं."

"काय सांगितलं?"

"थे तू नको इचारू. आत जाय, अन् माह्या बोलन्यावर बोलू नको."

आत आचल त्याला डाव्या हातानं चमचा धरायला शिकवत होती. मला बघून तिनं मान खाली घातली, पण स्टूल पुढं सरकवला. मी बसले. गोपालनं मला जरा वेळ न्याहाळलं.

"बाबा बाहीर हायेत?"

"हो."

"त्याइले काही म्हनू नको, साधने," तो म्हणाला. "सगळे जाऊ म्हून राहिले होते अन् बाबानंच नाई म्हटलं म्हन्ते. सांगता सांगता रडले माह्यापाशी. पन त्याइनं काही तरी पाहूनच नाई म्हटलं असन."

मी आचलकडं बघितलं. ती चमचा पुसत होती, पुसून झालेला चमचा पुन्हा पुसत होती. तिनं काही सांगितलं नाही.

"नाही म्हणणार काही," मी म्हणाले आणि त्याचा डावा हात हातात घेतला. हात गरम होता.